डावा तळहात

"दाबा अप्पा, अजून दाबा!"

मन्मथप्पांनी डाव्या मुठीत रबरी चेंडू असा आवळला, की तो बोटांच्या फटींतून बाहेर डोकावला. फिजिओथेरपिस्ट रोहिणीनं वहीत 'उत्तम' लिहिलं. लकवा झाला तेव्हा याच हाताला माशी हाकलता येत नव्हती. चार महिने ती माजलगावहून स्कुटीवर तेलगावला व्यायाम घ्यायला येत होती. आज शेवटचा दिवस.

"झालं. तुमी पास!"

अप्पांना चेंडू सोडता येईना. उजव्या हातानं एकेक बोट उलगडावं लागलं. "पास म्हंजे? संपलं?"

"संपलं की. आता दुकानात बसा, शटर वढा."

"शटर वढायला नोकर हाय." अप्पांनी तोंड फिरवलं.

रोहिणी गोंधळली. अंथरुणाला खिळला होता तेव्हा हा माणूस हसायचा, आणि आता रुसतो? मघाशी चहा नको म्हणाली, त्याचा राग? तिनं वही चाळली. सगळे आकडे चढतेच होते. ती उठून दाराशी गेली. तिथं अप्पांच्या पत्नी शांतादेवी उभ्या होत्या.

"काकू, अप्पा कावून रुसले?"

"तुमी कदी इचारलंच न्हाई, ह्यांना हात कशाला पायजे ते."

रोहिणी परत आत आली. अप्पांनी गळ्यातली चांदीची डबी उजव्या हातात धरली होती.

"यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन रोज पूजा करायची असती, मॅडम. आपलं आपणच धरायचं. चार महिने झाले, गळ्यातच हाय." त्यांनी डावा हात पुढं केला. बोटं आपोआप वळली. "मूठ मात्र तुमी लई चांगली केली."

हे कौतुक होतं की टोमणा, तिला कळेना. तिनं चेंडू पिशवीत टाकला.

"काकू, सुपारी हाय का?"

अप्पांच्या कोपराखाली उशी देऊन तिनं एकेक बोट सरळ केलं, तळहातावर लिंगाच्या जागी सुपारी ठेवली. ती घरंगळत खाटेखाली गेली.

"आता वाकायचा व्यायाम माजा का?" म्हणत शांतादेवींनी ती काढून दिली. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्यांदा सुपारी टिकली.

रोहिणी सवयीनं बोलली, "एक, दोन, तीन..."

"मोजू नका," अप्पा हळूच म्हणाले.

तिनं मोजणं सोडलं. न मोजता किती वेळ थांबायचं, वहीत काय लिहायचं, काहीच सुचेना. तळहात थरथरत होता. सुपारी डुलत होती, पडत नव्हती. रोहिणीनं आपला हात त्या हाताखाली नेला आणि न टेकवता तसाच धरून ठेवला.