पाखरांचा वाटा

मित्रांनो, मी एक जुनं सूप आहे, एका कडेला मोडलेलं. अहेरीच्या बाजारात जंगू बुरुडानं मला विणलं आणि रुखमाबाईनं मांडीवर घेऊन पारखलं. धान पाखडताना ती गायची:

कोंडा उडे वाऱ्यासंगं, दाणा माझ्या सुपात,
परदेशी पाखराचा वाटा ठेवते बांधात.

आमच्या गावाची रीतच होती तशी. मळणी आटोपली की सूपभर धान तळ्याकाठच्या कापलेल्या बांधीत, म्हणजे भाताच्या शेतात, उधळायचं. हिवाळ्यात दूर देशाहून येणाऱ्या रानबदकांचा तो वाटा.

एका हिवाळ्यात गुणवंतरावांकडे शिकारीचे पाहुणे उतरले. गुणवंतरावांची मालगुजारी, गावची जमीनदारी, नुकतीच गेली होती, ऐट तेवढी राहिली होती. शिकारीच्या परवान्यावर अट होती: कापणीत सांडलेल्या दाण्यांवर आलेलं पाखरू मारता येईल, शिकार करणाऱ्यांनी स्वतः दाणे टाकून बोलावलेलं मारायचं नाही. म्हणून गुणवंतराव मालक गोड झाले. यंदाचा वाटा आमच्या बांधीत टाका बाई, आमालेही पुण्य लागू द्या, म्हणाले. भोळी रुखमाबाई हरखली. तिनं मला पुन्हा पुन्हा भरून रितं केलं.

सकाळी बंदुका वाजल्या. बदकं पडली तेव्हा त्यांच्या चोचींत धान होतं.

जंगलखात्याच्या देवाजी शिपायानं विचारलं, हे दाणे टाकले कोणी? मालक शांतपणे म्हणाले, "रुखमाबाईनं. तिची रीत हाय ते. आमी एक दाणा टाकला नाई."

देवाजीनं मान डोलावली. अट कागदावर शाबूत राहिली आणि पाखरं झोळीत गेली.

रुखमाबाई त्याच मालकाची जमीन बटईनं, पिकाच्या वाट्यावर, कसायची. तरी ती बोलली. "जेवाले बोलावलं होतं मी त्यायले, मालक. माराले नाई."

मालक हसले. "मंग उद्या जेवाले येऊ नका म्हनून सांग त्यायले."

तिनं सांगितलं. उजाडताना बांधावर उभी राहून तिनं मला काठीनं असं बडवलं की सारं तळं फडफडत उठलं. पाहुण्यांचे नेम आभाळातच विरले. माझी कड तेव्हाच मोडली. पुढच्या पेरणीला मालकांनी जमीन दुसऱ्याला दिली.

माझ्या कडेचं मला दुःख नाही. राग आहे तो वेगळाच. मित्रांनो, कायद्यातली पळवाट शोधताना कुणाच्या भक्तीवर पाय देऊ नका. आणि ज्याला तुम्ही दाणा घातलात, त्याच्यावर कोणी नेम धरला, तर गप्प बसू नका. हाताशी जे असेल ते बडवा.