मच्छिंद्रचं रिव्हॉल्व्हर

कानिफनाथ शेलार चोवीस वर्षं लष्करात आर्मरर होता. बंदुका चालवणारा नव्हे, बिघडलेल्या बंदुका खोलून, पुसून पुन्हा चालत्या करणारा. पेन्शनीत आल्यावर तो नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत लेथवर लागला, तरी जिल्ह्यात कुठं शेतराखणीच्या बंदुकीचा खटका अडकला की लोक त्यालाच गाठत. म्हणून बहात्तर सालच्या जुलैत संगमनेरचे शामकांत मास्तर दारात उभे राहिले तेव्हा त्याला नवल वाटलं नाही. मास्तरांबरोबर कडक इस्त्रीच्या टोपीतले एक गृहस्थ होते. हे आप्पासाहेब, प्रवरेकाठच्या एका गावचे माजी सरपंच.

मास्तरांनी काम सांगितलं. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं होत होती आणि पंधरा ऑगस्टला वाचनालयात प्रदर्शन मांडायचं होतं. आप्पासाहेबांचा थोरला भाऊ मच्छिंद्र बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत होता. त्यानं एका गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या कमरेचं रिव्हॉल्व्हर हिसकावलं होतं. पुढं त्रेचाळीसच्या पावसाळ्यात डोंगरात लपलेला असताना तो तापानं गेला, मागं त्याची बायको राहिली. ते रिव्हॉल्व्हर आता सापडलं होतं. पोलिसांचं परवानगीपत्रही मास्तरांनी आणलं होतं. कानिफनाथनं वस्तू ओळखून तसं लिहून द्यायचं आणि गंज थांबवून ती टिकेल अशी करायची.

"आमी दोघांनी मिळून हिसकावलं," आप्पासाहेब म्हणाले. "मी सायबाचं मनगट धरलं, दादानं पट्टा तोडला. आता स्वातंत्र्यसैनिकाच्या ताम्रपटाच्या अर्जालाबी हाच पुरावा जोडायचाय. फक्त खोलू नका. वरवर तेलाचा हात फिरवा, लई झालं."

बंदूक दुरुस्त करणाऱ्याला 'खोलू नका' म्हणणारा माणूस कानिफनाथला आजवर भेटला नव्हता.

"कुठं सापडलं?"

"माळ्यावर, भुश्यात."

"तुमच्या वहिनी आहेत ना? त्यांनी आधी पाहिलं असंल."

आप्पासाहेबांनी टोपी काढून पुन्हा घातली. "राहीबाई? तिच्या डोक्यावर परिणाम झालाय. तिचं काय धरून बसता!"

दोघं गेल्यावर कानिफनाथनं त्यांनी ठेवलेलं फडकं सोडलं. रिव्हॉल्व्हर लालभडक गंजलं होतं. अठ्ठावीस-तीस वर्षांचा गंज काळपट असतो, लोखंडात खड्डे पाडून बसतो. हा बोटाला पिठासारखा लागत होता. त्यानं बोट जिभेच्या टोकाला लावलं. खारट!

मग त्यानं ते खोललंच. स्क्रूंच्या खाचा नव्यानं घासल्यागत चमकत होत्या. आतल्या स्प्रिंगवर पिवळंधमक, ताजं तेल होतं. वरून गंज, आतून तेल! कुणीतरी मिठाचं पाणी मारून या वस्तूला म्हातारं केलं होतं.

पॉलिश पेपरला त्यानं हात लावला नाही, त्यानं खुणा पुसल्या जातात. रिव्हॉल्व्हर दोन दिवस घासलेटात बुडवून ठेवलं आणि मग तांब्याच्या पट्टीनं गंज हलक्या हातानं खरवडला. आधी मुकुटाची खूण दिसली, तिच्याखाली एनफिल्ड हे नाव. सगळ्यात खाली साल होतं, एकोणीसशे चव्वेचाळीस.

कानिफनाथ स्टुलावर बसला. मच्छिंद्र मेल्यावर वर्षभरानं जे जन्माला आलं, ते त्यानं हिसकावलं कसं?

नंबराच्या जागी तर कानस फिरवलेली होती. असली रिव्हॉल्व्हरं लष्करात किती होती ते त्याला ठाऊक होतं, आणि नंबर कोण घासतं तेही. उद्या कुणी म्हणालं, की हे कानिफनाथनंच डेपोतून काढलंय, तर? जिल्ह्यात दुसरे कारागीर असताना आप्पासाहेब नेमके आपल्याच दारी का आले? आणि हे मास्तर? ते भोळे होते, की सामील होते?

त्यानं त्या खुणांवर कागद ठेवून शिसपेन्सिल घासली आणि ठसा घेतला. रिव्हॉल्व्हर पेटीत कुलूपबंद केलं आणि रविवारी सकाळची एसटी धरली.

राहीबाई दुष्काळी कामावरच्या खडीच्या ढिगाशी भेटली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली बाई. हातोडी खाली न ठेवता तिनं त्याला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आप्पानं धाडलं व्हय?"

"न्हाई. त्यांनी एक रिव्हॉल्व्हर आणून दिलंय. तुमच्या मालकांचं म्हणत्यात."

"पोलिसातलं हायसा?"

"मी बंदुका दुरुस्त करतो, बाई."

"सगळे असंच म्हनत्यात." तिनं पुढचा दगड फोडला. "मला काय ठावं न्हाई. माजं डोकं फिरलंय, सांगितलं न्हाई का त्यानं?"

बोलण्यात वेडेपणाचा मागमूस नव्हता. कानिफनाथनं ठसा तिच्यासमोर धरला. "हे साल हाय. चव्वेचाळीस. हे पिस्तूल तवा कारखान्यात तयार झालं."

बाईची हातोडी थांबली. ती कागदाकडे पाहत राहिली आणि एकाएकी हसली, पण त्या हसण्यात गोडवा नव्हता. "त्रेचाळीसच्या श्रावणात मी कुकू पुसलं."

"म्हनूनच आलो. हे खोटं हाय. खरं कसं हुतं?"

ती पदरानं तोंड पुसून म्हणाली, "पोलीस आले तवा थेट धान्याच्या पेवापाशी गेले, हे तितंच लपायचे. घर धुंडाळलं न्हाई, काय न्हाई. ती जागा दोघांनाच ठाव हुती. एक मी, एक आप्पा. त्या राती अंगात ताप म्हनून हे घरात निजले हुते, मागल्या दारानं पळाले, डोंगरात गेले, ते परत आलेच न्हाईत. आप्पानं सांगितलं असंल का? तीस वर्सं झाली, मी रोज इचार करती. पुरावा न्हाई. पन त्यानं पिस्तूल मागितलं तवा मी म्हनलं, नदीत टाकलं."

"टाकलं हुतं?"

"तुमास्नी कशाला सांगू?"

"सांगू नका. पण पंधरा ऑगस्टला हारात आप्पासाहेबांची मान असंल, आन् काचेत हे खोटं."

संध्याकाळ व्हायच्या आत तिनं त्याला घरी नेलं. गुरं छावणीत गेली होती, गोठा रिकामा होता. तिनं गव्हाण सरकवून माती उकरली, तोंड लिंपलेलं मडकं वर काढलं. आत कळीचा चुना होता, आणि चुन्यात मेणकापडाची गुंडाळी.

"वलीनं खराब हुतं म्हनून. दर दोन वर्सांनी चुना बदलला," ती म्हणाली. "सोडायच्या आदी आयका. मुठीची एक फळी गावच्या सुतारानं बाभळीची बसवलीय. झटापटीत फुटली हुती."

कानिफनाथनं कापड उलगडलं. लांब, जाड नळी. पोपटाच्या चोचीसारखी वळलेली मूठ. जुनं वेब्ली बनावटीचं इंग्रजी रिव्हॉल्व्हर, पहिल्या महायुद्धाच्याही आधीचं. एक फळी अक्रोडाची, काळसर. दुसरी बाभळीची, तांबूस. पोलाद अजून निळं होतं. लष्करातल्या गोदामांत त्यानं यापेक्षा वाईट जपलेली हत्यारं पाहिली होती.

"बाई, तुमी आर्मरर झाला असता," तो म्हणाला. तिला शब्द कळला नाही, पण ती किंचित लाजली.

दोन दिवसांनी दोन्ही रिव्हॉल्व्हरं आणि आपला लेखी जबाब घेऊन कानिफनाथ मास्तरांसोबत पोलीस ठाण्यात गेला. राहीबाई होतीच. आप्पासाहेबांनाही बोलावणं गेलं होतं. टेबलावर त्यांच्या रिव्हॉल्व्हरशेजारी कापडात गुंडाळलेलं दुसरं पाहताच ते कानिफनाथकडे बोट दाखवत ओरडले, "ह्यो मानूस जनमभर पिस्तुलातच वावरलाय! दुसरं ह्यानंच आनलं असंल!"

मास्तरांनी कानिफनाथकडे पाहिलं. त्या नजरेत शंका होती. ती त्याला पुढं बरेच दिवस टोचत राहिली.

फौजदारांनी कापडात गुंडाळलेल्या हत्याराकडे बोट केलं. "आप्पासाहेब, तुम्ही तर झटापटीत होता. भावाच्या रिव्हॉल्व्हरचं काय फुटलं होतं?"

आप्पासाहेब चाचरले. "फुटलं... नळी जरा चेपली हुती."

"बाई, तुम्ही सांगा."

"मूठ. डाव्या अंगाची फळी."

फौजदारांनी कापड उलगडलं.

आप्पासाहेबांनी शेवटी कबूल केलं, की चव्वेचाळीसचं रिव्हॉल्व्हर कुणा ट्रक ड्रायव्हरकडून घेतलं होतं. ते जप्त झालं, चौकशी लागली, ताम्रपटाचा अर्ज मागं पडला. पेवाची जागा कुणी सांगितली, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि राहीबाईनंही पोलिसांपुढं तो विषय काढला नाही.

वेब्लीच्या घोड्याची, गोळीवर आदळणारी टोचणी काढून कानिफनाथनं ते निकामी केलं, पातळ तेलाचा हात दिला आणि काचेच्या पेटीत चुन्याची पुरचुंडी ठेवली. राहीबाईनं त्याच्याकडून रिव्हॉल्व्हरचा नंबर मोठ्या अक्षरात कागदावर लिहून घेतला. तिला वाचता येत नव्हतं. पाच आकड्यांची वळणं तिनं बोटानं गिरवून गिरवून पाठ केली. पुढं दर बाजाराच्या दिवशी ती वाचनालयात जाई, काचेला नाक लावी आणि एकेक आकडा ताडून पाही. मास्तर म्हणत, "बाई, आता कोण बदलणार?"

"तुमी बसा तुमच्या जागी," ती म्हणे, आणि पुन्हा पहिल्या आकड्यापासून सुरुवात करी.