पिकअप आली तवा हौसा गेली

धनाजीनं पिकअप घेऊन जेमतेम वर्ष झालं होतं. पलूसच्या गॅरेजमध्ये ऋषिराज मिस्त्रीनं ती जॅकवर उचलली, खाली बॅटरी मारली आणि धनाजीला वाकून बघायला लावलं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांवर गंजाच्या खपल्या धरल्या होत्या. पाटे आवळणारे बोल्ट गंजानं निम्मे खाल्लेले.

"मीठ वाहतोस का रं?"

"न्हाई गड्या. मेंढरं. आजारी न्हाईतर चालायला न येणारी कोकरं."

"मग मूत हाय त्ये. हौद्याच्या फटीतनं समदं पाट्यावर गळतंय."

"ताडपत्री अंथरतो की."

"खुरांनी फाटती ती. पाटे बदलून देतो, पर कोकरं घालू नगंस. भरल्या गाडीचा पाटा तुटला तर जीव जाईल कुणाचा तरी."

धनाजीचा बाप तात्याबा शेजारीच उभा होता.

ही आटपाडीकडची मंडळी. दिवाळी झाली की कळप घेऊन कृष्णाकाठी उतरायची, मळेवाल्यांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची. वाटेत जन्मलेली कोकरं पूर्वी हौसा घोडीच्या पाठीवर झोळीत असायची. पिकअप आली तशी हौसा पाटणच्या लालासाहेबांना विकली. ते फौजेतनं निवृत्त झालेले, घोड्याची हौस असलेले.

तळावर आल्यावर तात्याबा म्हणाला, "लालासायबास्नी इचारतो. घोडी देत्याल माघारी."

"मी येतो संगं."

"तू मेंढराकडं बघ."

सकाळच्या एसटीनं तो निघाला. कराडला गाडी बदलून पाटणला पोचला. लालासाहेबांनी त्याला ओळखलं आणि त्यांचा चेहराच उतरला.

"बसा तात्याबा," ते म्हणाले. "हौसा आषाढात गेली. आमच्या हितला पाऊस तिला सोसला न्हाई. गोठ्यात ओल न्हाई असा दिवस नव्हता. खूर कुजले. डॉक्टर येऊन जायचा, औषधं केली, पर शेवटी उठलीच न्हाई. तुमाला कळवायचं तर नंबर हरवला होता."

तात्याबानं मान हलवली. आतून चहा आला. पाहुण्यानं चहा तसाच ठेवणं बरं दिसत नाही म्हणून त्यानं तो सगळा प्याला. मग ओढ्याकाठी जिथं तिला पुरली होती, तिथं जाऊन उभा राहिला. तिथं गवत कमरेएवढं माजलं होतं. त्यानं मुंडाशाच्या टोकानं डोळे पुसले आणि परतीची एसटी धरली.

पलूसच्या स्टँडवर धनाजी पिकअप घेऊन थांबला होता.

"देत्यात का आबा?"

"न्हाई. नातवंडास्नी लय लळा लागलाय तिचा."

"बरी हाय न्हवं?"

"व्हय. चांगली अंगानं भरलीया."

धनाजीला तेवढ्यानंच बरं वाटलं. पण मंगलला, त्याच्या बायकोला, राहवेना. तिनं गावाकडून लालासाहेबांचा नंबर मिळवला. आपणच एकदा विनवून बघावं म्हणून धनाजीनं फोन लावला, आणि तिकडचं बोलणं ऐकून तसाच तात्याबाकडं निघाला.

तात्याबा एका मेंढीच्या खुरातला काटा काढत होता. धनाजी समोर येऊन उभा राहिला.

"आबा, मला खोटं का सांगितलासा?"

तात्याबानं काटा काढला, मेंढी सोडून दिली. "तिला टेम्पोत चढवल्यावर तू गोठ्यात जाऊन रडलास. मी भिताडाआडनं बघत हुतो. मग आता काय सांगायचं हुतं तुला?"

"मीच इकली तिला."

"आपण इकली. मी बी गप बसलो हुतो."

धनाजी त्याच्या शेजारी बसला. मंगलनं जेवायला हाक मारली, तरी कुणी उठलं नाही.

चार दिवसांनी तळ हलला. पिकअपमध्ये भांडीकुंडी आणि मेंढरं कोंडायच्या जाळीच्या वाघरी एवढंच होतं. मंगलनं एक कोकरू कडेवर घेतलं. तात्याबानं घोंगडीची झोळी करून दोन कोकरं पाठीवर बांधली.

"आवं आबा, गाडीत बसा की," धनाजीनं खिडकीतनं विनवलं.

"तू हो पुढं."

त्या वाटेत एक कोकरू दगावलं. तात्याबाचे गुडघे सुजले, रात्री मंगल ते शेकायची. पण सकाळ झाली की तो झोळी बांधून कळपामागं चालू लागायचा. धनाजीनं गाडीत बसायला सांगणं मग सोडून दिलं.