वाफ निवेपर्यंत

थप्पड इतकी जोरात बसली की सुकेशनी भुशाच्या पोत्यांवर जाऊन आदळली. ओठ फुटला. तरी ती उठली आणि परत टाकीसमोर उभी राहिली.

"वाफेचा काटा उतरला नाई अजून," ती म्हणाली. "झाकण खोलू नका."

"रिसोडची गाडी दोन घंट्यापासून उभी हाय. तू मले शिकवते?" मुकादम अमरसिंगाने तिचे केस धरून तिला फरशीवर आडवे केले आणि कमरेत लाथ घातली. पाच-सहा जण बघत होते. कोणी हलले नाही.

शेलूबाजारजवळच्या या कारखान्यात सुकेशनी सहा वर्षे टाकी सांभाळत होती. आरागिरण्यांतला लाकडाचा भुसा कातडी जाळणाऱ्या कॉस्टिकच्या पाण्यात वाफेच्या दाबावर शिजायचा आणि मागे पांढरा तंतू उरायचा. तो प्लास्टिकमध्ये मिसळला की शेतात अंथरायची पातळ फिल्म ओढूनही फाटत नसे. वाफ निवल्याशिवाय झाकण काढायचे नाही, हे तिने कधी मोडले नव्हते.

अमरसिंगाने स्वतःच पाना घेतला. तिसरा बोल्ट सैल होताच झाकण उडाले आणि उकळता लगदा त्याच्या तोंडावर, छातीवर आला.

सगळे फाटकाकडे पळाले. सुकेशनीने पाण्याचा पाइप ओढला. अमरसिंग आंधळ्यासारखा हात झाडत होता. एक बुक्की तिच्या फुटल्या ओठावरच बसली. तिने गुडघ्याखाली त्याचा हात दाबला, बोटांनी त्याच्या पापण्या फाकवल्या आणि पाणी सोडले. तिच्या बोटांची साल निघत होती.

"डोये मिटू नको," ती म्हणत राहिली. "मिटू नको."

दवाखान्याची गाडी यायला पाऊण तास लागला. तोवर तिने पाइप सोडला नाही. त्याचा एक डोळा वाचला.

चौथ्या दिवशी मालक वाशिमच्या दवाखान्यात तिच्या खाटेशी आले. "बाई, पोलिसाले सांग, झाकण आपोआप उडालं. तुवं काम कायम राहीन."

जबाब घ्यायला हवालदार आला, तेव्हा मालक तिथेच उभे होते.

"त्यानं मले मारलं," सुकेशनी म्हणाली. "मंग झाकण खोललं. मंग मी पाणी टाकलं. तेवढंच लिवा."

मालकांनी तिला काढून टाकले. पण टाकी दुसऱ्या कोणाला जमेना, म्हणून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावले.

पहिल्या सकाळी हजेरीच्या मशीनने तिचा अंगठा घेतला नाही. नव्या गुळगुळीत कातडीवर रेषाच नव्हत्या.

"मावशी, पुसून लावा," हजेरीवरची पल्लवी म्हणाली.

"वही दे."

आखडलेली बोटे पेनाभोवती जमवत तिने आपले पूर्ण नाव लिहिले. बराच वेळ लागला. मागे रांग खोळंबली होती. कोणी घाई केली नाही.