चार बोटं उचललेली गाडी

बुलडाण्याहून मलकापूरकडे निघालं की घाट लागायच्या जरा अलीकडे, डाव्या हाताला कचरू मिस्त्रीचं दुकान आहे. दुकानावर पाटी नाही, आणि तिच्यावाचून कधी अडलंही नाही. गाडीच्या खाली लोखंडी पट्ट्यांची जी कमान असते, जिच्यावर सगळं वजन तोललेलं असतं, तिला इकडे पाटे म्हणतात. ज्याच्या पिकअपचे पाटे खचले, ज्याच्या गाडीचं पोट गोट्यांवर घासायला लागलं, तो गेली तीस वर्षं सरळ इथंच येतो. ‘कचरू मिस्त्रीनं उचललेली गाडी’ एवढं सांगितलं, की जुनी गाडी घेणारा खाली वाकूनसुद्धा पाहत नाही.

हल्ली घण मात्र कचरूच्या हातात नसतो. तीन वर्षांपूर्वी त्याच्या खांद्यानं राम म्हटला. घण आता त्याच्या लेकीच्या, धम्मशीलाच्या हातात आहे. वय चौतीस, तळहाताला घट्टे, डोक्याला रुमाल, आणि जीभ अशी की समोरच्यानं आधी विचार करावा आणि मगच तोंड उघडावं. बाई पाटे ठोकते म्हणून सुरुवातीला गिऱ्हाइकं दारात उभी राहून नुसती टकमक पाहायची. कुणी विचारायचं, “मिस्त्री कोठी हायेत?” ही घण खाली न ठेवता म्हणायची, “समोरच उभी हाये. बोला.” आता कुणी विचारत नाही.

पण दुकानाच्या दोन रीती तिनंही मोडल्या नव्हत्या. पहिली ही, की काम उरकलं की शेवटचा हात बाबाचा. कचरू पोतं अंथरून गाडीखाली सरपटत जाणार, एकेक बोल्ट चाचपणार, काही उणं वाटलं तर स्वतः नीट करणार आणि बाहेर येऊन म्हणणार, “जाऊ दे.” त्याच्या हातामागून दुसऱ्या कुणी हात फिरवायचा नाही. दुसरी रीत अशी, की ज्यानं गाडी उचलली त्यानं तिच्या पहिल्या भरल्या फेरीला आत बसायचं. आपल्या कामावर आपला जीव ठेवून दाखवायचा, म्हणजे पुढं बोलायला जागा राहत नाही.

दसरा होऊन आठेक दिवस झाले होते. देऊळघाटचा गजेंद्र आपली पिकअप घेऊन आला. डोंगरातली सीताफळं मलकापूरला पोचवायचा त्याचा धंदा, आणि त्याच्या तीन गाड्या. यंदाच्या पाण्यानं शेताकडचा नाला असा उकरून ठेवला होता, की भरलेली गाडी त्यातून निघताना गोट्यांवर बसायची. आणि सीताफळ काही कुणासाठी थांबत नाही. डोळा उघडला की दोन दिवसांत ते खाऊन तरी टाका, नाहीतर फेकून तरी द्या.

“सहा इंच उचलायची, ताई,” गजेंद्र म्हणाला. “अन् हे टायर टाकायचे.” मागं हौद्यात त्यानं चार रुंद, मोठाल्या गुट्ट्यांचे टायर आणून टाकले होते. वर मोबाइल पुढं केला. त्यात कुठली तरी अवाढव्य गाडी चिखलातून उड्या मारत होती.

धम्मशीलानं पूर्ण व्हिडिओ पाहिला. “लय भारी. पण हिच्यात सीताफळं कोठी हायेत?”

“व्हिडिओत कायले राहतील?”

“तुमच्या गाडीत तं राहतील ना भाऊ. सहा इंच उचलली तं घाटाच्या वळणावर डुलन. जास्तीचा पाटा टाकून उचलली तं अशी कडक होईन की मलकापूर येईलोक सगळ्या फळाची रबडी. मी चार बोटं उचलतो. आहे त्याच पाट्याले नवी कमान देतो, पाटा वाढवत नाई. अन् हे टायर वापस करा. उंच पाह्यजेत, रुंद नाई. रुंद टायर वळताना पत्र्याले घासते.”

गजेंद्रला व्हिडिओतली गाडी सोडवत नव्हती. थोडा वेळ तो टायरांकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “ठीक हाये. ही जमली तं बाकीच्या दोन्ही इथंच आणतो. नाई जमली तं चिखलीले जातो. अन् लोकाइले सांगतो बी, का मिस्त्री होता तोलोक दुकान होतं.”

शेवटचं वाक्य धम्मशीलाला झोंबलं. लोक अजून तिच्या कामालाही बापाचंच काम म्हणायचे, हे तिला ठाऊक होतं. ही पहिली गाडी होती जिचं माप, उंची, टायर, सगळं तिनं एकटीनं ठरवलेलं. ती तिला जमवायचीच होती. अगदी हावरटासारखी हवी होती तिला ती.

दोन दिवस भट्टी पेटती राहिली. चारही पाटे सुटे करून, लाल तापवून, तिनं त्यांना घणानं नवी कमान दिली. दर पाट्याला दोरा लावून ती मोजली. जुने बोल्ट झिजलेले दिसले म्हणून नवे टाकले. उंच टायर चढवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिलं आणि जिथं पत्रा टायरला लागेल असं वाटलं तिथं तो आत दुमडला. मग बाजूला झाली. कचरू पोतं घेऊन खाली गेला, बराच वेळ खाटखूट करत राहिला, आणि कपडे झटकत बाहेर आला.

“कमान मस्त दिली पोरी. जाऊ दे.”

बापाच्या तोंडून ‘मस्त’ ऐकून ती दिवसभर उगाचच गुणगुणत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गजेंद्रच्या शेतात. क्रेट भरले, मध्ये पाला खोवला, आणि धम्मशीला त्याच्या शेजारी बसली. नाल्याशी येताच गजेंद्रनं सवयीनं दात आवळले. गाडी उतरली, गोट्यांवरून हलकेच झुलत गेली आणि पलीकडे चढली. खाली कुठं टक् नाही की खर्र नाही. गजेंद्रनं उतरून क्रेट पाहिले. एकही फळ फुटलं नव्हतं.

“बाकीच्या दोन्ही उद्याच आणतो,” तो म्हणाला.

“परवा आणा. उद्या भट्टी साफ करतो,” ती म्हणाली. पण आतून तिला नाचावंसं वाटत होतं. दुकानावरून जाताना गजेंद्रनं हॉर्न दिला, कचरूनं खुर्चीतूनच हात वर केला.

भरल्या गाडीत बसून ती घाट पहिल्यांदाच उतरत होती. दुसऱ्या वळणावर तिचं हसू गेलं. गजेंद्र ब्रेक दाबायचा तेव्हा गाडी सगळीच्या सगळी न दबता नुसतं तोंड खाली घालायची. मागचं वजन पुढं ढकलत होतं. तिसऱ्या वळणावर जळका वास आला.

“बाजूले रुंद जागा हाये तिथं घ्या. पहिल्या गिअरमध्ये.”

“काऊन? बरी तं चालून राह्यली.”

“घ्या म्हणतो ना भाऊ.”

चाकाखाली दगड लावून ती गाडीखाली शिरली. मागच्या आखाजवळ, म्हणजे मागची चाकं जोडणाऱ्या दांड्याजवळ, एक बोटभर जाडीची कांडी असते. आखापासून ती वर ब्रेकच्या नळीला जोडलेली असते. गाडीत माल भरला की पाटे दबतात, कांडी वर सरकते, आणि मागच्या ब्रेकला कळतं की आज वजन आहे, जोर लाव. ती कांडी आखापासून काढून वर गाडीच्या सांगाड्याला तारेनं बांधलेली होती. तारेला तीन घट्ट पीळ, आणि टोक आत वळवलेलं, कुणाच्या हाताला लागू नये म्हणून. असं टोक वळवणारा माणूस बुलडाण्यात एकच होता. मागच्या ब्रेकच्या लेखी गाडी रिकामी होती.

ती तशीच पाठीवर पडून राहिली. वरून गजेंद्र विचारत होता, काय झालं. धूळ गेली असेल, पॅड नवे टाका, असं काहीही सांगता आलं असतं. त्याला यातलं ओ का ठो कळत नव्हतं.

“मागचे ब्रेक अर्धेच लागून राह्यले,” ती बाहेर येऊन म्हणाली. “चूक आमच्या दुकानाची हाये. गाडी फिरवा. तासाभरात नीट करून देतो.”

दुकानात आल्यावर तिनं ती तार बापाच्या हातावर ठेवली.

“हे काय?” कचरू म्हणाला. “कांडीची हाये का? अवं, गाडी उचलली का ते कांडी ताणते. आपल्या काळच्या गाड्याइले नव्हतीच ते. फालतू हाये. मी तं सगळ्याइचीच काढतो.”

“सगळ्याइची?”

“मंग.”

धम्मशीला त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि कांडीचं काम सांगितलं, गिऱ्हाइकाला सांगावं तसं, हळू. कचरू ऐकत होता आणि मान हलवत होता.

“एक बी गाडी पडली नाई आजलोक,” तो म्हणाला.

“नाई पडली. पण पुढचे पॅड महिन्या-महिन्याले जातेत त्याइचे. अन् तुम्ही म्हणता, गाडी चालवणारे पोट्टे ब्रेकवर पाय ठेवून झोपतेत. ते झोपत नव्हते, बाबा.”

कचरू त्या तारेचा पीळ उलगडत बसला. धम्मशीलानं चार बोटं लांबीची पट्टी कापली, भोकं पाडली, कांडी त्या पट्टीवर जोडून पुन्हा आखाला लावली आणि गजेंद्रला हाक मारली. या खेपेला घाटात प्रत्येक ब्रेकला गाडी चारी चाकांवर सारखी दबली. सीताफळं बाजार उठायच्या आत मलकापूरला पोचली.

परत येताना, बाकीच्या गाडीवाल्यांना फोन करायचे म्हणून ती बोलली, तेव्हा गजेंद्र म्हणाला, “मी परवा गाड्या आणतो, ताई. पण एक सांगू? बाकीच्याइले फोन नका करू. तीस वर्साचं नाव हाये मिस्त्रीचं. ज्या येतील त्या गुपचूप नीट करून द्या. कोणाले पत्ता लागत नाई.”

“ते येईलोक घाट थांबते का?” धम्मशीला म्हणाली.

तिनं वाटेत मनाशी सगळं ठरवून टाकलं. फोन तीच करणार. दुकानाची चूक एवढंच म्हणणार, बापाचं नाव घेणार नाही, आणि कुणी फार ताणलं तर आपल्यावर घेणार. तिचं नाव नवं होतं, ते पुन्हा कमावता आलं असतं.

दुकानात उजेड होता अजून. कचरू खुर्चीत बसला होता, मांडीवर कॅलेंडरचं एक पान उलटं धरून. त्यावर पेन्सिलीनं नावं लिहिली होती. रोहिणखेडचा शेषराव, त्याखाली मोताळ्याचे दोघे, नांदुऱ्याचा एक. कांडी असलेल्या गाड्यांची एकोणीस नावं. प्रत्येकासमोर गाडीचा रंग आणि किती बोटं उचलली ते. त्याच्या डोक्यात सगळं होतं.

“द्या तो कागद,” ती म्हणाली. “मी लावतो फोन.”

“तू नंबर लाव. बोलतो मी.”

“बाबा, कायले? मी सांगतो ना त्याइले.”

“तुह्या सांगण्यावर ते हसतीन अन् उद्या तशीच गाडी भरून घाट उतरतीन. लाव.”

तिनं शेषरावचा नंबर लावला आणि फोन त्याच्या कानाशी धरला. त्याचा तो खांदा वर जात नव्हता.

“शेषराव, मी कचरू मिस्त्री. गाडी कोठी हाये? घरी हाये ना? माल भरला असन तं उतरव. रिकामी आण उद्या, सावकाश... नाई, तुही काही चूक नाई. म्या तुह्या गाडीची ब्रेकची कांडी काढली होती.” तो थांबला. धम्मशीलाला वाटलं, आता खोकेल, विषय बदलेल. “मले वाटलं फालतू हाये. मले समजत नव्हतं, शेषराव. माह्या पोरीनं दाखवलं. आता पोरगीच नीट करून देईन.”

पलीकडून शेषराव म्हणाला, “सकाळी आठलोक आणतो, मिस्त्री.”

धम्मशीलानं मोकळ्या हातानं डोळे पुसले. कचरूनं पेन्सिलीनं पहिलं नाव खोडलं.

“दुसरा लाव,” तो म्हणाला.