किल्ल्यांची फळी

फुलमती कास्देकरने चपला दाराबाहेर काढल्या, आत पाऊल टाकलं आणि तिथंच थबकली. मागून देविका पिशव्या सांभाळत आली.

“या ना, बसा. आपलंच घर आहे.”

दुपारी हवामान परिषदेत जंगलाबद्दल बोलताना देविका भर सभेत रडली होती. नुसत्या आकड्यांनी माणूस हलत नाही, आतून तुटावं लागतं, असं कळकळीने म्हणाली होती, आणि ते खोटंही नव्हतं. टाळ्या कडाडून पडल्या. मेळघाटातून आलेली फुलमती मात्र कोरड्या डोळ्यांनी शेवटच्या रांगेत बसून होती. या बाईने एकदा तरी आपल्याला आपलं म्हणावं, म्हणून देविकाने तिला दिल्लीतल्या आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरवर जेवायला आणलं होतं.

फुलमती सोफ्याकडे गेलीच नाही. दाराशेजारी भिंतीवर सागवानाची कोरीव फळी होती. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार, आणि स्वाराच्या अंगावरून ओळीने ठोकलेले पितळी हुक. एकावर स्कूटरची किल्ली, एकावर लॉकरची, एकावर छत्री. फुलमतीने पदर डोक्यावर घेतला.

“ही कोणाची?”

“बाबांची. मेळघाटात फॉरेस्टमध्ये होते ना.”

“तसं नाही. मेला कोण?”

देविकाला काही समजेना.

“आमच्यात माणूस गेला की त्याची फळी कोरतात. झाडाखाली रोवतात. मग तो तिथं राहतो.”

देविका फळीकडे वळली. कळत्या वयापासून ती या फळीला किल्ल्या अडकवत आली होती. आज सकाळीही तिने घाईत किल्ली ओढली होती आणि फळी भिंतीवर खडखडली होती.

खुर्चीतले सुधाकरराव, तिचे वडील, पेपरमागून म्हणाले, “जंगलात पडलेली मिळाली. वाळवीने खाल्ली असती.”

“खाऊ द्यायची असते, साहेब.”

देविकाचे डोळे भरून आले. तिला स्वतःचीच किळस वाटली.

“ताई, रडायचं नंतर बघा,” फुलमती म्हणाली. “आधी किल्ल्या काढा.”

देविकाने एकेक किल्ली काढली. छत्री काढली तेव्हा स्वाराचा चेहरा पहिल्यांदा पुरता दिसला.

“नाव कळलं असतं तर घरच्यांकडे नेली असती,” फुलमती फळीकडे बघत म्हणाली. “आता कोणाच्या दारात नेऊ?”

सुधाकररावांनी पेपरची घडी घातली. मग पुन्हा एक घडी घातली.

“सोमजी,” ते म्हणाले. “माझा वाटाड्या होता. रोवली तेव्हा मी तिथंच होतो.”