जसे बांधले, तसे

माझ्या सहस्रचंद्रदर्शनाच्या समारंभासाठी अमेयने माझा भलामोठा फोटो छापून आणला. तो उलगडताच मी विचारले, "हे गृहस्थ कोण?"

"बाबा, तुम्हीच! जस्ट थोडा फिक्स केलाय."

मागच्या वर्षीच्या पक्षाघाताने माझ्या तोंडाचा एक कोपरा खाली ओढला गेला आहे. त्या बाजूची पापणी अर्धी मिटलेली असते. फोटोतल्या गृहस्थांचे ओठ सरळ होते आणि गालांवर एकही सुरकुती नव्हती.

"मग त्या दिवशी ह्यांनाच ओवाळा. मी इथे जर्सी सिटीत बसून वरणभात खाईन."

"प्लीज, बाबा! वेस्ट विंडसरचा हॉल बुक झालाय."

"लोकांनी तुमच्याकडे बघून चुकचुकू नये, एवढंच त्याला वाटतं," शैलजा, माझी पत्नी, म्हणाली.

चुकचुकू देत. आजारपणानंतर घरात कोणी माझा नवा फोटो काढलेला नव्हता, हे माझ्या लक्षात आलेले होते.

त्याच सुमारास आम्ही दोघांनी न्यूयॉर्कच्या एका संग्रहालयात रेम्ब्राँचे उतारवयातले आत्मचित्र पाहिले होते. दिवाळे निघाल्यानंतरचे. जाड नाक, थकलेले डोळे, खडबडीत रंगांतले दांडगे हात. आणि तरी काठी धरून असा बसलेला, की जणू आपणच त्याच्या दरबारात उभे आहोत. "काय तोरा आहे म्हाताऱ्याचा!" शैलजा म्हणाली होती. चेहऱ्यावरचे काही लपवलेले नव्हते, म्हणूनच तो तोरा शोभत होता.

मी पॉलिटेक्निकमध्ये शिकलेला ड्राफ्ट्समन. कारखान्याचे काम पुरे झाले की आम्हाला एक शेवटचे ड्रॉइंग करावे लागे: ॲज-बिल्ट. काय ठरले होते ते नव्हे, प्रत्यक्षात काय उभे राहिले ते त्यात दाखवायचे. पाइप वाकडा बसला असेल, तर वाकडाच. पुढे दुरुस्तीला येणारा माणूस त्याच कागदावर विसंबतो; म्हणून तपासणाऱ्याच्या सहीशिवाय तो बाहेर जात नाही.

मी टेबलावर आरसा ठेवला, कागद चिकटवला आणि पेन्सिलला टोक केले. हात थरथरत होता. रेघा थरथरीसकट राहू दिल्या. चित्र पुरे झाल्यावर शैलजापुढे धरले.

तिने चष्मा लावला. "अहो, ओठ सरळ काढलेत की!"

मी पाहिले. पापणी अर्धी मिटलेली, सुरकुत्या जागच्या जागी. आणि ओठ मात्र पट्टीने आखल्यासारखे. हाताने मला न विचारता दुरुस्ती केली होती.

"लेकाला एवढं ऐकवलंत, आणि स्वतः काय केलंत? फिक्स!"

"खोडरबर दे."

"घ्या. कोपरा आणखी खाली येऊ द्या. रोज मीच पुसते तो, मला ठाऊक आहे."

मी ओठ खोडले आणि होते तसे काढले. ड्रॉइंगला असते तशी खाली चौकट आखून तीत 'ॲज-बिल्ट' असे लिहिले. 'तपासले' या शब्दापुढे शैलजाने सही केली.

अमेयने चित्र बराच वेळ न्याहाळले. मग स्वतःच ते मोठे करून आणले. "एकही लाइन टच केली नाही, बाबा."

समारंभात चित्र व्यासपीठावर लागले. इथल्या मराठी मंडळाचा कार्यवाह संजीव माझ्या कानाशी वाकला. "काका, एखादा बरा फोटो नव्हता का?"

"हाच बरा आहे. मूळ वस्तू शेजारीच आहे, ताडून पाहा."

दिव्यांची तबके जवळ आली. मी काठी रोवली, वाकडे तोंड उजेडात धरले आणि ओवाळून घेतले.